पाहुणे बोलून गेल्यावर

१९२८ सालच्या उत्तरार्धात म्युनिक विद्यापीठाचे प्राध्यापक आर्नोल्ड सोमरफेल्ड जगप्रवासाला निघाले आणि वाटेत हिंदुस्थानात उतरले. साठीला टेकलेले सोमरफेल्ड तेव्हा सैद्धांतिक भौतिकीचे युरोपातले सर्वांत नावाजलेले शिक्षक होते. हायझेनबर्ग, पाउली, डिबाय हे सगळे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत सतरा-अठरा वर्षांचा एक विद्यार्थी होता, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. अणूच्या रचनेवरचं सोमरफेल्ड यांचं गाजलेलं पुस्तक त्याने कुणी न शिकवता, एकट्याने वाचून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सोमरफेल्ड उतरले होते त्या हॉटेलात गेला.

आपण किती वाचलंय हे त्या मुलाने सांगितलं. सोमरफेल्ड यांनी ते ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की या पुस्तकातली भौतिकी आता जुनी झाली. श्रोडिंजर, हायझेनबर्ग, डिरॅक यांनी मधल्या दोन-तीन वर्षांत सगळा पायाच बदलून टाकला आहे. मुलाने विचारलं असेल की निदान सांख्यिकी तरी तीच आहे ना? तीही बदलली होती. बोल्ट्झमनच्या सांख्यिकीच्या जागी इलेक्ट्रॉनांसाठी फर्मी आणि डिरॅक यांची नवी सांख्यिकी आली होती. एवढ्या मेहनतीने शिकलेलं सगळं एका भेटीत कालबाह्य ठरल्यावर कुणाही विद्यार्थ्याचं मन खचलं असतं, चंद्रशेखरचंही थोडं खचलं. पण सोमरफेल्ड यांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांवर नवी सांख्यिकी लावून त्यांनी जो निबंध लिहिला होता, त्याची छपाईची प्रुफं त्यांनी त्या मुलाच्या हातात ठेवली. निबंध तेव्हा प्रसिद्धही झालेला नव्हता.

ती प्रुफं वाचून चंद्रशेखरने काही महिन्यांत स्वतःचा निबंध लिहिला. कॉम्प्टन परिणाम आणि नवी सांख्यिकी हा त्याचा विषय. केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्यामार्फत तो १९२९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. फाउलर यांनीच १९२६ मध्ये ही सांख्यिकी श्वेतबटू ताऱ्यांना लावून दाखवली होती. १९३० च्या जुलै महिन्याच्या अखेरीस चंद्रशेखर मुंबई बंदरातून 'पिल्स्ना' नावाच्या जहाजाने इंग्लंडला निघाला, तेव्हा त्याच्या डोक्यात हाच प्रश्न घोळत होता. फाउलर यांच्या गणितात सापेक्षता सिद्धांत घातला तर काय होईल? व्हेनिसला पोचेपर्यंत उत्तर हातात होतं. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा आहे, त्यापलीकडे तारा स्वतःचा भार तोलून धरू शकत नाही. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते आणि चंद्रशेखर मर्यादा या नावाने ओळखली जाते. १९८३ च्या नोबेलमागचं काम इथून सुरू झालं.

मद्रासच्या व्याख्यानात सोमरफेल्ड नेमकं काय बोलले, याची आज कुणाला आठवण नाही. आठवण आहे ती दुसऱ्या दिवशीच्या भेटीची. विद्यापीठांच्या भौतिकी विभागांत चालू संशोधनावर बाहेरून आलेल्या संशोधकांची व्याख्यानं होतात, त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. विभाग पाहुण्याला बोलावतो ते एका तासाच्या भाषणासाठी. पण त्या तासाच्या आधी आणि नंतर काय घडतं, यावर त्या बोलावण्याचं मोल ठरतं. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर हे पुन्हा पुन्हा दिसतं, आणि आपल्याकडच्या विभागांत नेमका हाच भाग सर्वांत हलका धरला जातो.

हॉटेलच्या खोलीत एका अनोळखी मुलासाठी वेळ काढणारे सोमरफेल्ड हे काही त्या दिवशीच उदार झाले नव्हते. सहा वर्षांपूर्वी, जून १९२२ मध्ये, ग्यॉटिंगेन विद्यापीठाने नील्स बोर यांना अणुसिद्धांतावर बोलायला बोलावलं होतं. सात व्याख्यानं, दहाएक दिवसांत. ही मालिका तिथे पुढे 'बोर महोत्सव' म्हणूनच ओळखली गेली. खर्च निघाला तो वोल्फस्केल निधीच्या व्याजातून. फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध करणाऱ्याला द्यायचं एक लाख मार्कांचं बक्षीस विद्यापीठाकडे पडून होतं आणि प्रमेय काही सुटत नव्हतं. त्या पैशाच्या व्याजावर ग्यॉटिंगेनच्या गणितज्ञांनी जगातले उत्तमोत्तम पाहुणे बोलावले. विद्यापीठाने पैसा कशावर खर्चावा याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सोमरफेल्ड म्युनिकहून तिथे गेले ते वीस वर्षांच्या वेर्नर हायझेनबर्गला बरोबर घेऊन, आणि प्रवासाचा भारही त्यांनीच उचलला. तिसऱ्या व्याख्यानात बोर यांनी आपल्या सहकाऱ्याचं, क्रामर्स यांचं एक गणित मांडलं. विद्युतक्षेत्रात हायड्रोजनच्या वर्णरेषा कशा सरकतात, याबद्दलचं. ते बरोबर असणार असा भरवसा बोर यांनी बोलून दाखवला. म्युनिकच्या सेमिनारमध्ये हायझेनबर्गने हाच निबंध बारकाईने अभ्यासला होता. चर्चेच्या वेळी तो उठला आणि त्याने आक्षेप घेतला. बोर यांच्या उत्तरात थोडी चाचपड होती. सभा संपल्यावर ते स्वतः त्या मुलाकडे आले आणि दुपारी हाइनबर्ग टेकडीवर फिरायला चल म्हणाले. आपल्या वैज्ञानिक आयुष्याची खरी सुरुवात त्या दुपारी झाली, असं हायझेनबर्ग यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्यानंतर ते कोपनहेगनला गेले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात क्वांटम यामिकीचा पहिला निबंध त्यांच्या हातून उतरला.

या प्रसंगातल्या तिन्ही माणसांचं वागणं पाहण्यासारखं आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला तयारीनिशी आणलं. विद्यार्थ्याने मूळ निबंध वाचलेला होता, म्हणून त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. आणि नोबेल ज्यांच्या वाटेवर होतं (त्याच वर्षी ते मिळालं), त्या पाहुण्याने मुलाच्या आक्षेपाने अवघडून न जाता त्याला जवळ केलं. यातली एक जरी कडी निसटली असती तरी बोर यांची व्याख्यानं तेवढीच उत्तम झाली असती आणि तरी ती दुपार घडली नसती.

भौतिकी विभागांत अशा बोलण्याचे दोन प्रकार रूढ आहेत. सेमिनार म्हणजे एकाच विषयात काम करणाऱ्या दहा-पंधरा जणांची बैठक, तिथे पहिल्या मिनिटापासून समीकरणं. कलोक्वियम साऱ्या विभागासाठी असतो. घनपदार्थवाला, अणुकेंद्रवाला, खगोलवाला, नुकतेच एमएस्सीला आलेले विद्यार्थी, सगळे एका खोलीत. वक्त्याने पहिली वीस मिनिटं सगळ्यांना कळेल असं बोलावं, मग आपल्या प्रश्नाकडे वळावं आणि शेवटची काही मिनिटं जाणकारांसाठी राखावीत, असा अलिखित नेम. तो पाळणं फार अवघड असतं. आपल्या कामाचं महत्त्व शेजारच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला पटवून देता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आपला प्रश्न मुळापासून पुन्हा समजून घ्यावा लागतो. म्हणून कलोक्वियमचा पहिला लाभ बहुधा वक्त्यालाच होतो.

झुरिकमध्ये १९२५ च्या अखेरीस असाच एक कलोक्वियम चालत असे. डिबाय यांनी श्रोडिंजर यांना म्हटलं की तो द ब्रॉयली नावाचा फ्रेंच तरुण इलेक्ट्रॉनच्या लहरींबद्दल काहीबाही म्हणतोय, त्यावर तुम्हीच बोला. श्रोडिंजर बोलले. शेवटी डिबाय यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं की लहरींबद्दल बोलायचं तर त्यांचं समीकरण हवं, नुसतं असं बोलून भागत नाही. काही आठवड्यांनी श्रोडिंजर पुन्हा उभे राहिले ते समीकरण घेऊन. विद्यार्थी म्हणून तिथे बसलेल्या फेलिक्स ब्लॉख यांनी ही आठवण पुढे नोंदवली. श्रोत्यांतल्या एका माणसाने नेमकी उणीव दाखवली आणि आज बीएस्सीच्या प्रत्येक मुलाला पाठ असलेलं समीकरण त्यातून जन्माला आलं.

मुंबईत ही परंपरा रुजवली होमी भाभा यांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) १९४५ मध्ये बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला, पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. पुढे जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि मग कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पुढे, समुद्राकाठी. पत्ता बदलत गेला पण बुधवारचा कलोक्वियम टिकला. दुपारी चार वाजता सगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र येऊन ऐकायचं, हा शिरस्ता आजही चालू आहे. गणितातला माणूस जीवशास्त्रावरचं बोलणं ऐकतो, कणभौतिकीवाला खगोलशास्त्रावरचं. भाभांना चित्रकलेचं अंग होतं आणि संस्थेत येणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञांची रेखाचित्रंही त्यांनी काढली आहेत. समोरच्या माणसाकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारा यजमान पाहुण्याला मिळणं हेच मोठं भाग्य.

पॉल डिरॅक १९५४ च्या अखेरीस मुंबईला आले. त्या वर्षी त्यांना प्रिन्स्टनला जायचं होतं, पण अमेरिकेने व्हिसा नाकारला. मग ते भारतात आले आणि टीआयएफआरमध्ये त्यांनी क्वांटम यामिकीवर व्याख्यानमाला दिली. डिरॅक मितभाषी, आणि व्याख्यान देताना एक शब्द जास्त बोलायचा नाही अशी त्यांची ख्याती. व्याख्यानांच्या टिपणांची जबाबदारी दोन तरुणांवर आली, के. के. गुप्ता आणि जॉर्ज सुदर्शन. सुदर्शन तेव्हा विशी ओलांडलेले संशोधक-विद्यार्थी होते. खुद्द डिरॅकच्या तोंडून ऐकलेलं शब्दात बसवायचं म्हणजे प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहावी लागते, अडलं तर जाऊन विचारावं लागतं. यासारखं दुसरं शिक्षण नाही. सोमरफेल्ड यांनी १९२८ मध्ये कलकत्ता विद्यापीठात तरंग यामिकीवर दिलेली व्याख्यानंही विद्यापीठाने पुस्तकरूपाने छापली होती आणि ती लिहून सिद्ध करण्याचं काम रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी केलं होतं. कृष्णन आणि सुदर्शन दोघंही पुढे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ झाले. सुदर्शन १९५५ मध्येच अमेरिकेत रॉचेस्टरला रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे गेले आणि दोन वर्षांत दोघांनी मिळून क्षीण बलाचं योग्य रूप शोधून काढलं.

टिपणं काढण्याची ही चाल आपल्या विभागांतून जवळजवळ नाहीशी झाली याचं मला मनापासून वाईट वाटतं. आज पाहुणा जाताना पेन ड्राइव्हवर स्लाइड ठेवून जातो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. स्लाइडमध्ये निष्कर्ष असतात. तिथवर कसं पोचलो आणि मधे कुठे चुकलो, हे वक्ता बोलताना सांगून जातो, आणि ते कुणी लिहून घेतलं नाही तर त्याच संध्याकाळी विरून जातं.

सगळीच सभागृहं ग्यॉटिंगेनसारखी नसतात. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनला रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी आपली मर्यादा मांडली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. त्यांच्यानंतर खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन उठले. एडिंग्टन ट्रिनिटीतलेच, चंद्रशेखर यांच्या गणिताची प्रगती महिनोन् महिने विचारत आलेले. आक्षेप आहे असं मात्र एका शब्दाने बोललेले नव्हते. त्यांनी सभेत या निष्कर्षाची थट्टा केली. तारा असा विचित्र वागू नये यासाठी निसर्गात काहीतरी नियम असलाच पाहिजे, असा त्यांचा सूर होता. सभा हसली. चंद्रशेखर यांना उत्तर द्यायचं होतं पण चर्चा तिथेच आवरती घेतली गेली. पाउलींसारखे मोठे भौतिकशास्त्रज्ञ खासगीत चंद्रशेखर बरोबर आहेत म्हणत होते. उघडपणे एडिंग्टन यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी पुढे आलं नाही. चंद्रशेखर काही वर्षांनी तो विषय सोडून ताऱ्यांच्या गतीकडे वळले. मर्यादेपलीकडच्या ताऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न लांबणीवर पडला.

एडिंग्टन यांची विद्वत्ता वादातीत होती. १९१९ च्या ग्रहणात प्रकाशाचं वाकणं मोजणारी मोहीम त्यांचीच. सगळा दोष त्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. माझा राग आहे तो त्या सभेवर. मोठ्या माणसाने विनोद केला आणि हसण्यात सगळे सामील झाले. खोलीतल्या एखाद्याने जरी उठून 'यांचं गणित नेमकं कुठे चुकलं ते सांगा' एवढं म्हटलं असतं तर चित्र पालटलं असतं. ग्यॉटिंगेनला वीस वर्षांच्या पोराने बोरना अडवलं होतं. लंडनला एवढ्या अनुभवी माणसांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

चंद्रशेखर डिसेंबर १९९२ मध्ये पुण्याला आले. पुणे विद्यापीठाच्या आवारात उभ्या राहिलेल्या आयुकाचं, आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राचं, लोकार्पण त्यांच्या हस्ते झालं. तिथलं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. आयुकाची कल्पना यशपाल यांची, ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असतानाची, आणि ती प्रत्यक्षात आणली जयंत नारळीकर यांनी. त्यासाठी ते टीआयएफआर सोडून पुण्याला आले. देशातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत एकेकटे पडलेले भौतिकीचे शिक्षक आहेत, त्यांना इथे येऊन आठवडा-दोन आठवडे राहता यावं, ग्रंथालय आणि संगणक वापरता यावेत, कामात गुंतलेल्या माणसांशी बोलता यावं, हा आयुकाचा मूळ हेतू. त्यासाठी सहयोगी सदस्यांची योजना पहिल्यापासून आहे. सोमरफेल्ड यांच्या हॉटेलच्या खोलीत जे योगायोगाने घडलं, ते इथे संस्थेच्या रचनेतच घातलं गेलं. कँटीन, अतिथिगृह, लिहायचे फळे, बसायच्या मोकळ्या जागा, चार्ल्स कोरिया यांच्या वास्तुरचनेत या सगळ्याला व्याख्यानगृहाइतकाच मान आहे.

नारळीकरांची एक सवय शाळकरी मुलांना चांगली ठाऊक होती. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करत. नारळीकर सही देत नसत. एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर सहीनिशी पाठवीन, असं सांगत, आणि तसं पाठवतही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. पण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ती पोस्टकार्डं जपून ठेवलेली असतील. मोठ्या माणसाकडून काय मागायचं हे त्यांनी पोरांना इतक्या साध्या रीतीने शिकवलं.

चालू संशोधनावरचं व्याख्यान म्हणजे ज्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही अशा गोष्टीवरचं व्याख्यान, हे विद्यार्थ्यांना पटवून देणं फार गरजेचं आहे. आयुकातलंच उदाहरण घेऊ. तिथे संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या विदा-विश्लेषणाचं काम सुरू केलं तेव्हा त्या लहरी थेट कुणी पाहिलेल्या नव्हत्या आणि त्या टिपणारं लायगो हे यंत्र उभंही राहिलं नव्हतं. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एकत्र आली तर येणारी लहर प्रचंड गोंगाटात बुडालेली असणार. तिचा आकार आधीच गणिताने काढून ठेवायचा, वेगवेगळ्या वस्तुमानांच्या जोड्यांसाठी वेगवेगळा, आणि मग एकेक आकार गोंगाटावर सरकवून जुळतो का पाहायचं. असे किती आकार लागतील, ते किती जवळ जवळ घ्यावे लागतील? सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी १९९१ मध्ये फिजिकल रिव्ह्यूमध्ये या प्रश्नावर पायाभूत निबंध लिहिला. १९९५ साली एखाद्या विद्यापीठात या विषयावर बोलणाऱ्याला श्रोत्यांनी हमखास विचारलं असणार, हे सगळं खरंच कधी सापडेल का? १४ सप्टेंबर २०१५ ला सापडलं. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या अंदाजे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली होती. लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी कमी होता आणि तो गोंगाटातून वेचायला आकार जुळवण्याची तीच रीत कामी आली. ताऱ्याला स्वतःचा भार पेलवला नाही तर पुढे काय, या १९३५ मध्ये हसण्यावारी नेलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या लहरीत होतं.

आता आपल्या विभागांकडे येऊ. महाराष्ट्राला व्याख्यान ऐकायची जुनी गोडी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून विज्ञान गावोगाव नेलं. ही परंपरा थोर आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण तिच्या सभेचे रीतिरिवाज जसेच्या तसे भौतिकी विभागाच्या कलोक्वियममध्ये शिरले आहेत आणि तिथे ते नडतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांच्या परिचयात त्यांच्या सगळ्या पदव्या, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन. एका तासातली वीस-पंचवीस मिनिटं यातच जातात. वेळ कमी पडला की पहिला बळी जातो तो प्रश्नोत्तरांचा. 'वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ' हे वाक्य विभागात उच्चारायलाच बंदी हवी. पाहुण्याचा मान राखायचा तर त्याचा निबंध आधी वाचून ठेवावा. याहून मोठा मान कुठलाही संशोधक मागत नाही.

दुसरी अडचण विभागांच्या हाती पूर्णपणे नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, अर्ध्याहून अधिक शिकवणं कित्येक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या तरुणांच्या खांद्यावर. त्यांना पाहुण्यासोबत संध्याकाळ घालवायला सवड कुठून मिळणार? विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत किती व्याख्यानं झाली याची नोंद लागते, फोटो लागतात, सह्यांचा कागद लागतो. व्याख्यानानंतर कुणी पाहुण्याशी तासभर बोललं का, याचा रकाना त्यात नाही. मोजलं जातं तेच केलं जातं, म्हणून दुपारच्या गाडीने आलेला पाहुणा संध्याकाळच्या गाडीने परत जातो.

आणि मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट भाषेची आहे. जळगाव, नांदेड, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत एमएस्सीला येणारी बरीच मुलं तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली असतात. इंग्रजी व्याख्यान त्यांना कळतं, गणित तर कळतंच. प्रश्नही पडतो. पण तो भर सभेत इंग्रजीत उभा करायची वेळ आली की जीभ अडखळते आणि मूल खाली बसतं. प्रश्नोत्तरं संपल्यावर मागच्या दाराशी ही मुलं आपसात मराठीत जे बोलतात, ते कान देऊन ऐकावं. कितीतरी चांगले प्रश्न तिथे असतात. उपाय अगदी सोपा आहे. विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच जाहीर करावं की प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल, पाहुण्यांना मराठी येत नसेल तर मी सांगेन. आणि पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचेच, शिक्षकांनी तोवर थांबायचं. परदेशांतल्या काही विभागांत ही दुसरी पद्धत पाळली जाते आणि तिचा गुण येतो. हायझेनबर्ग बोर यांच्याशी आपल्या मातृभाषेतच बोलत होता हेही ध्यानात ठेवायला हवं. बोर डेन्मार्कचे, ग्यॉटिंगेनला जर्मन बोलले ते पाहुणे या नात्याने.

करोनाच्या २०२० सालानंतर चित्र आणखी बदललं. प्रिन्स्टनचं, बंगळुरूच्या आयसीटीएस या संस्थेचं, टीआयएफआरचं व्याख्यान आज परभणीतल्या मुलाला फोनवर ऐकता येतं, हवं तिथे थांबवता येतं, पुन्हा मागे नेता येतं. याचा मला अतोनात आनंद आहे. ज्या पोराच्या कॉलेजात कुणी पाहुणा कधी फिरकलाच नसता, त्याच्यापर्यंत जगातली सर्वोत्तम माणसं पोचली. पण या सोयीने विभागांपुढचा प्रश्न धारदार केला आहे. भाषण जर फोनवर मिळत असेल तर प्रवासखर्च देऊन माणूस आणायचा कशाला? आणायचा तो फोनवर मिळत नाही त्यासाठी. पीएचडीच्या मुलीने तीन महिने अडलेला आलेख समोर ठेवावा आणि पाहुण्याने खुर्ची ओढून बसावं. अजून न छापलेल्या निबंधाबद्दल त्याने मोकळेपणाने सांगावं, कुठे शंका आहे तेही सांगावं. कुणाकडे पोस्टडॉकची जागा निघणार आहे, कोणत्या प्रयोगशाळेत जाऊ नये, हे व्याख्यानात कुणी बोलत नाही, जेवताना बोलतात. पुण्यातल्या मुलांना हे सुदैवाने जरा सहज मिळतं, कारण आयुका, एनसीआरए, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या सगळ्या संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर. मराठवाड्यातल्या मुलांना मिळत नाही.

मराठवाड्याचं हे चित्र बदलण्याची संधी मात्र आता चालून आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभा राहतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. ४ किलोमीटरच्या दोन भुजा, अमेरिकेतल्या दोन यंत्रांचं हे भावंड. तिसरं यंत्र पृथ्वीच्या या बाजूला असलं की लहर आकाशातल्या कुठल्या भागातून आली हे आजच्यापेक्षा कितीतरी नेमकं सांगता येईल. या कामासाठी जगभरातले प्रकाशशास्त्राचे, निर्वाताचे, लेझरचे, विदा-विश्लेषणाचे तज्ज्ञ पुढची कित्येक वर्षं औंढ्याला येत-जात राहतील. त्यांतले बरेचसे नांदेडवरून जातील, आणि नांदेडच्या विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे.

तिथल्या आणि परभणी-हिंगोलीच्या महाविद्यालयांतल्या भौतिकीच्या शिक्षकांनी मिळून आतापासून एक वाचनगट सुरू करावा. महिन्याला एक निबंध, धुरंधर-सत्यप्रकाश यांच्या १९९१ च्या निबंधापासून सुरुवात. वाचताना अडलेले प्रश्न मुलांनी वहीत मराठीत लिहून ठेवावेत. पाहुणा ठरला की त्यातले निवडक प्रश्न त्याला आठवडाभर आधी पाठवावेत. दोन विद्यार्थ्यांकडे टिपणांची जबाबदारी द्यावी आणि विभागाने ती छापावीत, पन्नास प्रती निघाल्या तरी पुरे. आणि औंढ्याला कुणी संशोधक येणार असं कळलं की विभागप्रमुखांनी त्याला पत्र लिहून व्याख्यानाच्या तारखेबरोबर मुक्कामाची एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही मागून घ्यावी.